जर्मनीत डिझाइन आणि छपाई शिकायला यायचंय, तर कुठल्या दाराने यावं?

तुझा मेल नीट वाचला. तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: अप्लाइड आर्टची पदविका झाली आहे, सध्या सांगलीत काकांच्या ऑफसेट प्रेसमध्ये डिझाइनपासून प्लेटपर्यंतचं सगळं तूच बघतोस, पुण्यातल्या एका एजंटाने बर्लिनमधल्या खासगी कॉलेजचा ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल मीडियाचा इंग्रजी कोर्स सुचवलाय, आणि बाबा त्यासाठी जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. तू विचारलंयस की ताई, हा कोर्स घेऊ का, आणि नाही घेतला तर जर्मनीत हे शिकायचा दुसरा काही रस्ता आहे का.

कोर्स घेऊ नकोस. रस्ता आहे, आणि प्रेसमध्ये हात काळे केलेल्या मुलासाठी तो फार चांगला आहे. मी त्याच रस्त्याने आले. पुण्यात अप्लाइड आर्ट केलं, जर्मन शिकले, इथे तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे नोकरीसोबतचं व्यवसाय शिक्षण, केलं, आणि आता स्टुटगार्टजवळ औषधांचे कार्टन छापणाऱ्या एका कंपनीत प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करण्याच्या कामाला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव.

आधी त्या कोर्सबद्दल. माहितीपत्रक पाहिलं. लोगो, ब्रँडिंग, मोशन ग्राफिक्स, यूएक्स, शेवटी पोर्टफोलिओ. यातलं काहीच वाईट नाही, पण अर्धं तुला येतं आणि उरलेलं शिकायला बर्लिन गाठायची गरज नाही. खरी अडचण कोर्स संपल्यावर येते. इंग्रजीच्या जोरावर जर्मनीत नोकरी मिळते ती सॉफ्टवेअरवाल्यांना. डिझायनरचा कच्चा माल मजकूर असतो, आणि इथला मजकूर जर्मन असतो. लांबलचक जोडशब्द ओळीच्या शेवटी नेमके कुठे तोडायचे, अवतरणचिन्हं सुरुवातीला खाली आणि शेवटी वर कशी लावायची, २०१७ पासून अधिकृत झालेलं मोठ्या लिपीतलं एस्त्सेट (ß) हे अक्षर कुठे वापरायचं, फोन नंबर आणि तारखा कशा लिहायच्या, हे सगळं डिझायनरकडूनच अपेक्षित असतं. ग्राहक फोनवर तीन दुरुस्त्या सांगतो, त्या ऐकून लगेच करायच्या असतात. ज्याला भाषा येत नाही त्याच्या हाती पोस्टर सुंदर होईल, पण एजन्सीतला आर्ट डायरेक्टर त्याला सोळा पानी माहितीपत्रक देणार नाही. बर्लिनमध्ये इंग्रजीत चालणारे स्टुडिओ आहेत, नाही असं नाही. पण तिथल्या एकेका जागेसाठी जगभरातून पोर्टफोलिओ येतात.

खासगी संस्थांच्या बाबतीत आणखी एक बघायचं. संस्था सरकारमान्य आहे का, ती पदवी देते की नुसतं प्रमाणपत्र, आणि प्रत्यक्ष वर्गात बसून होणारे तास किती. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांचे निवास परवाने अडकल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. शिक्षणाचा मोठा भाग ऑनलाइन आहे, हेच तिथे कारण होतं. भरलेली फी एक आणि परवाना दुसरा, हे दोन वेगळे विषय आहेत, आणि एजंट फक्त पहिल्याबद्दल बोलतो.

आता आउसबिल्डुंग. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीत काम आणि सरकारी व्यवसाय शाळेत शिक्षण, दोन्ही एकाच वेळी. शाळेला बेरुफ्सशुले म्हणतात. कुठे आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा असते, कुठे सलग काही आठवडे शाळा आणि मग सलग काम. फी नाही, उलट कंपनी दरमहा विद्यावेतन देते. तुझा करार कंपनीशी होतो आणि तो तिथल्या व्यापार-उद्योग मंडळाकडे नोंदवला जातो. या मंडळाला सगळे ई-हा-का म्हणतात. परीक्षाही तेच घेतं. त्यामुळे तू कुठल्या कंपनीत शिकलास यापेक्षा ई-हा-काचं प्रमाणपत्र महत्त्वाचं, आणि ते म्युनिकपासून हॅम्बुर्गपर्यंत सगळीकडे सारखंच चालतं.

आपल्या धंद्यात तुला बघण्यासारखे दोन व्यवसाय आहेत.

एक, मेडिएनगेश्टाल्टर डिजिटल उंड प्रिंट. हा डिझाइन, पेज मेकअप, प्रीप्रेस आणि डिजिटल निर्मितीचा व्यवसाय. १९९८ मध्ये जुने जुळारी, रिप्रोवाले वगैरे व्यवसाय एकत्र करून तो तयार झाला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून नवा अभ्यासक्रम लागू आहे. त्यात चार शाखा आहेत: प्रकल्प व्यवस्थापन, डिझाइन संकल्पना, मुद्रित माध्यमं आणि डिजिटल माध्यमं. तुझ्यासाठी मुद्रित माध्यमांची शाखा योग्य आहे.

दुसरा, मेडिएनटेक्नोलोगे ड्रुक, म्हणजे प्रत्यक्ष छपाई करणारा तंत्रज्ञ. आधी याला नुसतं छपाईवाला म्हणत, २०११ पासून हे नाव आलं. त्याच वर्षी स्क्रीन प्रिंटिंग आणि छपाईनंतरच्या कामांचे, म्हणजे कटिंग, फोल्डिंग, बाइंडिंगचे, स्वतंत्र व्यवसाय याच धर्तीवर नव्याने बांधले गेले. कार्टन आणि बॉक्स तयार करण्याचाही वेगळा व्यवसाय आहे, पाकमिटेलटेक्नोलोगे.

सगळे तीन वर्षांचे. यातला फरक बाबांना नीट समजावून सांग, कारण 'मशीनवर काम करायला इतक्या लांब कशाला' असं ते म्हणणारच. मेडिएनगेश्टाल्टरच्या जागांसाठी चुरस मोठी असते. बारावी चांगल्या गुणांनी झालेली जर्मन मुलं-मुलीच रांगेत असतात, आणि भाषेत तुझ्यापेक्षा पुढे असतात. छपाईच्या आणि कार्टनच्या जागांना मात्र शिकाऊ मुलं मिळत नाहीत म्हणून कंपन्या रडतात. तिथे तुझ्या अर्जात 'चार वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये काम, फोर कलर जॉब स्वतः हाताळले' एवढं वाक्य दिसलं की फोन येण्याची शक्यता खूप वाढते. माझं मत स्पष्ट आहे: दोन्हीकडे अर्ज कर, पण मशीनवरची जागा आली तर कमीपणा मानून सोडू नकोस. मशीन चालवणारा इथे मान खाली घालून जगत नाही. पुढे माइस्टर (उस्ताद) किंवा मेडिएनफाखविर्ट (माध्यम व्यवसायातला व्यवस्थापक) यांची परीक्षा देता येते आणि देशाच्या पात्रता चौकटीत ती बॅचलर पदवीच्या पातळीवर धरली जाते.

आणि छपाई शिकायला जर्मनीच का, तर आपल्याकडच्या जुन्या मशीनवरचं नाव वाच. हायडेलबर्ग, रोलांड, कोनिग अँड बाउअर, सगळी इथली. कोनिग अँड बाउअर तर १८१७ मध्ये वुर्झबुर्गजवळ ओबरत्सेलच्या जुन्या मठात सुरू झाली. लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावरून छापण्याच्या पद्धतीचा शोध लावणारा आलोइस झेनेफेल्डर म्युनिकचा, तिथल्या छपाईच्या व्यवसाय शाळेला आजही त्याचं नाव आहे. राजा रविवर्मांचा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत उभा राहिला आणि पुढे मळवलीला गेला, त्यात जर्मन तंत्रज्ञ होते. त्यांतल्या फ्रिट्झ श्लायखर यांनी नंतर तो प्रेस विकतच घेतला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच परंपरेतून आलेली आहे. त्यामुळे हे नातं काही आजचं नाही.

आता शिकवतात कसं, ते सांगते, कारण तुला खरा उपयोग याचा आहे.

काकांच्या प्रेसमध्ये रंग जुळवताना काय होतं? ग्राहक मशीनपाशी उभा राहतो, 'जरा लाल कमी करा' म्हणतो, मशीनवाला शाईची किल्ली फिरवतो, दोघं ट्यूबलाइटखाली बघतात आणि 'चालेल' म्हणतात. अनुभवी माणसाची नजर खरोखर तयार असते, तिला मी कधीच कमी लेखणार नाही. पण इथे पहिल्याच वर्षी शिकवतात की नजर हा शेवटचा निर्णय नव्हे. तावाच्या कडेला रंगांची चौकोनी पट्टी छापलेली असते. ताव ओढायचा, पाच हजार केल्विनच्या प्रमाणित प्रकाशाखाली ठेवायचा, पट्टीवरून स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, फिरवायचं. निळा, किरमिजी, पिवळा, काळा या प्रत्येकाचा आकडा ठरलेल्या मूल्यापासून किती लांब आहे ते पडद्यावर दिसतं. या अंतराला डेल्टा ई म्हणतात. ऑफसेटचं जागतिक मानक आयएसओ १२६४७-२ आहे, त्यात ठोस रंगांसाठी ही मर्यादा ५ आहे. आकडा आत असेल तर सही करायची आणि मशीन सोडायचं. म्युनिकजवळची फोग्रा ही संशोधन संस्था यासाठी मापनाची माहिती तयार करते. त्यावरून बनलेली कागदागणिक वेगळी प्रोफाइल आम्ही प्रीप्रेसमध्ये वापरतो. कोटेड कागदासाठी पीएसओ कोटेड व्ही३ घेतलं तर चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर गडद भाग सुकत नाही आणि मागच्या तावाला डाग लागतो. हा डाग तू सांगलीत शंभरदा पाहिला असशील. त्यामागे आकडा आहे हे कळलं की काम करण्याची पद्धतच बदलते.

कागदाचंही तसंच. आपण १८ बाय २३, २३ बाय ३६, डबल क्राउन अशा इंचांत विचार करतो. इथे १९२२ च्या डीआयएन ४७६ या जर्मन मानकापासून ए मालिका (ए४, ए३ वगैरे) आहे आणि मोठ्या मशीनचा ताव साधारण ७० बाय १०० सेंटीमीटरचा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात की ग्रेन, म्हणजे कागदातले तंतू, कुठल्या दिशेला आहे आणि का. पुस्तकाचं पान कण्याला समांतर ग्रेनचं नसलं तर ते उघडं राहत नाही, हे तिथे कागद ओला करून, वाकवून दाखवावं लागतं.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते. युरोपात औषधाच्या कार्टनवर औषधाचं नाव ब्रेलमध्ये असणं २००४ च्या युरोपीय निर्देशानंतर कायद्याने बंधनकारक झालं. ते शाईने छापत नाहीत. डाय कटिंगच्या, म्हणजे कार्टनचा आकार कापण्याच्या वेळी खालून पुठ्ठा उचलून ठिपके उठवतात. ठिपक्याची उंची कमी पडली तर बोटाला कळत नाही, जास्त झाली तर पुठ्ठ्यावरचं वार्निश फुटतं. म्हणून प्रीप्रेसमध्ये फाइल करताना ब्रेल कुठे येईल, त्याखाली बारीक अक्षरं येतायत का, तो घडीवर तर येत नाही ना, हे सगळं बघायचं. वापरतात तो ठरलेला ब्रेल साचा, मारबुर्ग मिडियम. पहिल्यांदा माझ्या हातून गेलेलं असं कार्टन मी डोळे मिटून बोटांनी वाचून पाहिलं होतं. शिवाय फेब्रुवारी २०१९ पासून प्रिस्क्रिप्शनच्या औषधांवर प्रत्येक खोक्याचा वेगळा डेटा मॅट्रिक्स कोड लागतो, त्यासाठी कार्टनवर वार्निश नसलेली जागा सोडावी लागते. पुण्यात मी डिझाइन म्हणजे दिसणं असं शिकले होते. इथे त्यात दिसणं, वाचणं, स्पर्श, यंत्राने स्कॅन करणं आणि पॅकिंग लाइनवर न अडकणं, एवढं सगळं आलं. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं, म्हणून तुला इतक्या आग्रहाने सांगते आहे.

शाळेतही हलकंफुलकं काही नसतं. जर्मन भाषा, समाजशास्त्र, हिशोब, कॉस्टिंग, साहित्यज्ञान, सगळं असतं. स्टुटगार्टमध्ये योहानेस गुटेनबर्ग शाळा याच धंद्याची आहे. सोबतची मुलं सोळा ते वीस वर्षांची असतील, तू तेवीसचा. वयाची अट नाही, आणि वर्गात मोठं असण्याचा फायदाच होतो. दर आठवड्याला काय केलं त्याची नोंदवही लिहावी लागते, तिच्यावर कंपनीतल्या प्रशिक्षकाची सही लागते, आणि ती पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. ही वही तू कंटाळा न करता लिही. तुझं जर्मन त्या वहीतच सुधारेल, कारण धंद्याचे शब्द कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आता तुला वाईट बातमीही सांगितली पाहिजे. छपाईचा धंदा इथे आक्रसतो आहे. ओटो या मोठ्या कंपनीने २०१८ च्या अखेरीस आपला जाडजूड कॅटलॉग शेवटचा छापला. रेवे या सुपरमार्केट साखळीने १ जुलै २०२३ पासून घरोघर येणारी जाहिरातपत्रकं बंद केली. रोटोग्रॅव्हर आणि वेबवर, म्हणजे कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मोठ्या मशीनवर, अशी कामं करणाऱ्या मोठ्या प्रेसना त्याचा फटका बसला. वर्तमानपत्रांचंही तेच. म्हणून कंपनी निवडताना तिथे काय छापलं जातं ते आधी विचार. कार्टन, लेबल, लवचीक पॅकिंग, औषधं, खाद्यपदार्थ असेल तर निर्धास्त जा. सूप आणि गोळ्या मोबाइलमध्ये भरून विकता येत नाहीत. डिजिटल प्रिंटिंगवर छोट्या प्रतींची पुस्तकं करणारेही बरे चाललेत. फक्त जाहिरातपत्रकं आणि मासिकांवर उभी असलेली कंपनी असेल तर मुलाखतीत सरळ विचार की गेल्या पाच वर्षांत किती शिकाऊ मुलांना त्यांनी कायम केलं. हा प्रश्न इथे उद्धट मानत नाहीत.

डिजिटल बाजूला तुझी आवड आहे म्हणतोस, तर एक विषय आत्तापासूनच धर: सुगम्यता. २८ जून २०२५ पासून जर्मनीत सुगम्यतेचा नवा कायदा लागू आहे. ऑनलाइन दुकानं, बँकेच्या सेवा, ई-पुस्तकं अंध आणि इतर अपंग व्यक्तींना वापरता आली पाहिजेत, असं त्यात आहे. त्यामुळे शीर्षकांची पातळी, चित्रांचं वर्णन, वाचनक्रम, रंगांतला फरक हे नीट बांधलेले पीडीएफ आणि संकेतस्थळं करणारी माणसं सगळ्यांना हवी आहेत. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइल शिस्तीने लावणाऱ्याला हे सोपं जातं. प्रत्येक शीर्षक हाताने मोठं आणि ठळक करणाऱ्याला जन्मात जमत नाही.

त्यावरून तयारीचं सांगते. आपल्याकडे सगळं कोरलड्रॉमध्ये आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये चालतं. इथे कोरल कोणी विचारत नाही. इनडिझाइन, इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि अॅक्रोबॅटमधलं प्रीफ्लाइट (छपाईआधीची फाइलची तपासणी), एवढं पक्कं कर. काकांच्या प्रेसचाच एखादा जॉब घे, एखाद्या सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असेल तर उत्तम, आणि तो युनिकोड मराठीत, स्टाइल लावून, तीन मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा कड) ठेवून, पीडीएफ एक्स-४ या छपाईच्या प्रमाणित फाइलपर्यंत नेऊन दाखव. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करायला विसरू नकोस, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हा नमुना पोर्टफोलिओत ठेव. देवनागरी नीट लावता येणारा माणूस जर्मन कंपनीला रोज लागत नाही, पण भाषांतर संस्था आणि निर्यातीची माहितीपत्रकं करणाऱ्यांना लागतो, आणि मुलाखतीत लोक कुतूहलाने विचारतात.

पोर्टफोलिओत छापील वस्तूंचे फोटो टाक. लग्नपत्रिका टाक, फॉइल आणि एम्बॉसिंग असलेली असेल तर जरूर. प्रत्येकाखाली चार ओळी: कागद किती जीएसएम, किती रंग, कुठल्या मशीनवर, किती प्रती, आणि अडचण आली ती कशी सोडवली. काकांची सेकंडहँड डॉमिनंट ऑफसेट मशीन आहे म्हणालास, तिचंही नाव लिही. ज्याने डॉमिनंटवर चार रंगांचं रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसवणं, जुळवलंय त्याला इथल्या प्रशिक्षकाला फार काही पटवून द्यावं लागत नाही.

पदवीचा रस्ताही आहे, तोही सांगून ठेवते. स्टुटगार्टची होखशुले डेर मेडिएन ही माध्यमांची सरकारी उच्चशिक्षण संस्था २००१ मध्ये मुद्रण आणि ग्रंथालय या दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झाली. तिथे छपाई तंत्रज्ञान, पॅकेजिंग आणि माध्यम निर्मिती शिकवतात, आवारातच मशीन आहेत. लाइप्झिगच्या एचटीडब्ल्यूके या उच्चशिक्षण संस्थेमध्ये पुस्तक आणि माध्यम निर्मितीचा अभ्यासक्रम आहे, आणि त्याच शहरातली १७६४ सालची ग्राफिक आणि ग्रंथकलेची अकादमी कलेच्या अंगाने शिकणाऱ्यांसाठी आहे. तिथे प्रवेश पोर्टफोलिओवर आणि प्रवेशपरीक्षेवर. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्टला, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी आहे. पण शिक्षण जर्मनमध्ये, भाषेची अपेक्षा बी२ किंवा सी१ (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात), नुसत्या बारावीवर थेट प्रवेश नाही, भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. पुण्याच्या पीव्हीजीतून प्रिंटिंग इंजिनिअरिंग किंवा नेरूळच्या एसआयईएसमधून प्रिंटिंग अँड पॅकेजिंग केलेल्यांना इथली मास्टर्स चांगली. तुला माझ्या मते आधी आउसबिल्डुंग. नंतर वाटलं तर त्याच्या जोरावर पदवीकडेही जाता येतं.

पैशांचं. कायद्याने ठरलेलं किमान विद्यावेतन २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या आउसबिल्डुंगसाठी पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो होतं आणि ते दरवर्षी वाढतं. छपाई उद्योगाच्या सामूहिक करारातल्या कंपन्या याच्या बऱ्याच वर देतात, म्हणून कंपनी करारात आहे का हे विचारायचं. रक्कम व्हिसाच्या अपेक्षेपेक्षा कमी पडली तर फरक ब्लॉक्ड अकाउंटने भरून काढता येतो. स्टुटगार्ट आणि म्युनिकमध्ये खोलीचं भाडं जीव काढतं. छपाईच्या कंपन्या मात्र बऱ्याचदा छोट्या गावांच्या औद्योगिक वसाहतीत असतात, तिथे भागतं. गावात इंग्रजी बोलणारं कोणी नसतं, ते तुझ्या जर्मनसाठी उत्तमच. आउसबिल्डुंगसोबत आठवड्याला वीस तासांपर्यंत दुसरं काम करायची परवानगी आहे. पहिल्या वर्षी तरी घेऊ नकोस, शाळेचा अभ्यास मागे पडतो.

व्हिसासाठी साधारणपणे जर्मन बी१ लागतं. मी म्हणेन, बी२ च्या अर्ध्यापर्यंत जाऊनच ये. मशीनच्या आवाजात, श्वाबेन या स्टुटगार्टच्या आसपासच्या भागातल्या बोलीत कोणी काही सांगितलं तर बी१ वाल्याला अर्धं कळतं. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूट, आहे, फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही वर्ग असतात. सांगलीहून जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग कर, पण परीक्षा ग्योथेचीच दे. शून्यापासून बी१ पर्यंत नेटाने केलं तर साधारण वर्ष धर.

आउसबिल्डुंग ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि जागा आदल्या शरद ऋतूपासून भरायला लागतात. जागा शोधायला पैसे लागत नाहीत. केंद्रीय रोजगार संस्थेचं आणि ई-हा-काचं संकेतस्थळ मोफत आहे, कंपन्यांच्या स्वतःच्या पानांवरही जाहिराती असतात. 'आउसबिल्डुंगचं कंत्राट मिळवून देतो' म्हणून लाखो रुपये मागणारे आपल्याकडे गावोगाव झालेत. त्यांना एक रुपया देऊ नकोस. कुठल्याही कंपनीला तुझी खरी मुलाखत घ्यायची असते, व्हिडिओवर का होईना, आणि तिथे एजंट तुझ्या वतीने बोलू शकत नाही. करार हातात आला की तो ई-हा-काकडे नोंदवला आहे ना हे कंपनीकडून लेखी घे, मग मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे व्हिसाचा अर्ज. पुढची गोष्टही बाबांना सांग: इथलं आउसबिल्डुंग पूर्ण करून त्याच क्षेत्रात कुशल कामगार म्हणून दोन वर्षं काम केलं, पेन्शनचे हप्ते भरले आणि भाषेसह बाकी अटी पूर्ण केल्या, तर कायमच्या निवासाचा अर्ज करता येतो.

राहण्या-जेवण्याची काळजी करू नकोस, ते सगळ्यांचं होतं. स्टुटगार्टमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, गणपती बसतो, आणि हे शहर १९६८ पासून मुंबईचं जोडशहर आहे. थंडीपेक्षा नोव्हेंबरातला अंधार जास्त जाणवतो, त्याची मनाची तयारी ठेव. आणि पहिले सहा महिने कंपनीत तू फार शांत, फार नम्र वाटशील. इथे प्रश्न न विचारणाऱ्याला 'याला कळलंय' असं धरलं जातं. कळलं नाही तर तिथल्या तिथे विचार, प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट काकांसाठीही. तू गेल्यावर त्यांच्या प्रेसमध्ये फाइली कोण बघणार, हा प्रश्न घरात निघेल. जाण्याआधीच्या वर्षात तिथल्या एखाद्या मुलाला तयार कर, आणि तुझ्या सगळ्या जॉबची नावं, प्लेटची मापं, नेहमीच्या ग्राहकांचे फॉन्ट एका वहीत लिहून ठेव. हे त्यांचं ऋण आहे, आणि तुलाही कामाची नोंद ठेवायची सवय लागेल.

कर्जाचं कागदपत्र सध्या थांबव. एजंटाला सांग की विचार करतोय, आगाऊ रक्कम देऊ नकोस. या महिन्यात ए१ च्या वर्गात नाव घाल, आणि पतसंस्थेच्या अहवालाचा तो नमुना तयार झाला की पीडीएफ मला पाठव. छापलेली एक प्रतही पोस्टाने पाठव, पडद्यावर कागद कळत नाही. मी कागदावरच खुणा करून परत पाठवेन. ए२ ची परीक्षा झाली की अर्जाचं पत्र आपण दोघं मिळून जर्मनमध्ये लिहू.